‘नाही’साठी जागा

मराठीत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं, ही व्याकरण शिकवणाऱ्यांसाठी साधी गोष्ट असेल. आम्हा पेंटर लोकांना ती जिवावरची आहे. कारण भिंतीवरची जागाही शेवटीच संपते.

मी धुळ्यात चाळीस वर्षं बोर्ड रंगवले. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरचे मडगार्ड, शाळांच्या भिंती, लग्नघराच्या दारावरचे गणपती, काय म्हणाल ते. फ्लेक्स आलं आणि आमचा धंदा बसला. पण त्याचं रडगाणं गाण्यासाठी मी हे लिहायला बसलेलो नाही. ते माझ्या बायकोने पुष्कळ ऐकलं आहे, तुम्हाला कशाला त्रास.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पेंटर येतो, ब्रश बुडवतो आणि लिहितो. तसं नसतं. आधी दोन माणसं सुतळी गेरूत बुडवून भिंतीवर ताणून धरतात आणि मध्ये टिचकी मारतात. त्याने सरळ ओळ उमटते. मग अक्षरं मोजायची. प्रत्येक अक्षराला आम्ही एक घर धरतो, जोडाक्षराला दीड. काना वेगळा. घरं बेतून घेतली की खडूने आखणी, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी डोक्यावरची रेघ. एवढं करूनही चुकतंच. शेवटची दोन घरं कमी पडतात, आणि मराठीत त्या दोन घरांत नेमकं ‘नका’, ‘नये’ नाहीतर ‘नाही’ राहत असतं.

एका देवळाच्या ट्रस्टने माझ्याकडून लिहून घेतलं होतं, ‘चपला घालून आत येऊ नये’. त्यातलं ‘नये’ वळून खांबाच्या बाजूला गेलं. समोरून येणाऱ्याला दिसायचं, ‘चपला घालून आत येऊ’. एक म्हातारेबुवा रोज चपला फटकारत थेट गाभाऱ्यापर्यंत जायला लागले. पुजाऱ्याने हटकलं तर म्हणाले, “तुम्हीच लिखी ठेयेल शे ना, मंग?” शेवटी मलाच बोलावून पाटी पुसायला लावली. माझे गुरू युसूफभाई तेव्हा हयात होते. त्यांनी ऐकलं आणि डोक्याला हात लावला. म्हणाले, “अरे, पहले ‘नहीं’ लिख. बाद में बाकी दुनिया.” म्हणजे शेवटचा शब्द आधी लिहायचा, मग उजवीकडून डावीकडे बेतत यायचं. तो सल्ला मी पुढे कायम पाळला. आता जी गोष्ट सांगणार आहे त्यात मी जो घोळ घातला, तो हा सल्ला पाळूनच घातला.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. जामनेरकडचे एक भाऊ ट्रॅक्टरवर ‘आईचा आशीर्वाद’ लिहून घ्यायला आले. सोबत बायको. मी आखणी केली, रंग कालवला, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, “आणि मी काय फुकटची का?” भाऊंनी माझ्याकडे बघितलं, मी ब्रशकडे. शेवटी ‘आई व सौ. यांचा आशीर्वाद’ असं लिहिलं. महिन्याभरात ट्रॅक्टर परत आला, ‘सौ.’ आधी घ्या म्हणून. मी घेतलं. असल्या कामात पेंटरने मत द्यायचं नसतं.

मत द्यायचं नसतं, आणि खरं सांगायचं तर वाचायचंही नसतं. आम्ही अक्षर लिहितो, मजकूर नाही. ‘क’ची मान, ‘ह’चं पोट, ‘झ’ची शेपटी, यात नजर गुंतलेली असते. दिवसभर श्लोक लिहून संध्याकाळी कुणी विचारलं, काय लिहिलं रे, तर सांगता यायचं नाही. याचा मला अभिमान वाटायचा. आता तेवढा वाटत नाही.

शिरपूरला मुलींचं एक वसतिगृह आहे. डोंगराकडच्या, शेतकरी घरातल्या मुली तिथे राहून शिकतात. बऱ्याच वर्षांपूर्वी तिथल्या मालतीबाईंनी मला बोलावलं. त्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या, आवाज करडा आणि पदर खोचलेला. त्यांनी स्वतः एक कविता केली होती आणि ती त्यांना जेवणघराच्या भिंतीवर हवी होती. वहीतला कागद फाडून त्यांनी माझ्या हातात दिला:

वाऱ्याने वाकले, मोडले नाही
उन्हात राहिले, करपले नाही
लोक हसले, मी रडले नाही
वाट चुकले, थांबले नाही
एकटी पडले, घाबरले नाही
मी कुणापेक्षा कमी नाही

“शेवटच्या रांगेतल्या पोरीला चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजे,” बाई म्हणाल्या. म्हणजे अक्षर मोठं हवं. मी भिंत मोजली, घरं मोजली. प्रत्येक ओळीत बरोब्बर एक शब्द बसत नव्हता. भिंतीच्या उजव्या टोकाला कोठीचं लाकडी दार होतं, भिंतीच्याच रंगाचं. मी विचारलं, हे उघडतं का? बाई म्हणाल्या, नाही, कोठीला मागून वाट आहे, हे कायम बंद.

मग मला युसूफभाई आठवले. आधी ‘नाही’ लिही. मी दारावर एकाखाली एक असे सहा ‘नाही’ लिहिले, लाल रंगात, सगळे एका मापाचे. मग उरलेली कविता भिंतीवर काळ्या रंगात ऐसपैस बसवली. लांब जाऊन पाहिलं तर अशी देखणी दिसत होती म्हणता! काळ्या ओळी आणि शेवटी लाल ‘नाही’ची उभी रांग. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तेव्हा एवढा खूष होतो की परतीच्या एसटीत अनोळखी माणसाला सांगत बसलो. अडचणीतून मी वाट काढली होती ना!

यानंतर मी ती भिंत पुन्हा पाहिली नाही. बाई वर्षभरात निवृत्त होऊन लेकीकडे पुण्याला गेल्या.

यंदा जूनमध्ये, शाळा उघडता उघडता, फोन आला. तिथल्या आताच्या रेक्टर मॅडम बोलत होत्या. इमारतीला नवीन रंग देतोय, तुमचं नाव भिंतीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सापडलं, म्हणून फोन केला. “काका, तेवढी ती जेवणघरातली रडकी कविता पुसून दुसरी काही तरी लिहून द्याल का? जरा उमेद देणारी?”

मी म्हटलं, “रडकी? मॅडम, ती तर मालतीबाईंची...”

“हो, बाई मोठ्या होत्या, म्हणून आजवर कुणी हात लावला नाही. पण मुली रोज जेवताना तेच वाचतात हो.”

मी म्हटलं, फोटो पाठवा. व्हॉट्सॲपवर फोटो आला. माझी अक्षरं मी लगेच ओळखली, रंग उडाला होता तरी. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा मी माझंच लिहिलेलं वाचलं.

वाऱ्याने वाकले, मोडले
उन्हात राहिले, करपले
लोक हसले, मी रडले
वाट चुकले, थांबले
एकटी पडले, घाबरले
मी कुणापेक्षा कमी

उजव्या टोकाला राखाडी रंगाचं नवं लोखंडी दार होतं. कोरं.

मी फोन हातात घेऊन तिथेच खाली बसलो. बायकोने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, सहा ‘नाही’ गेले. तिला वाटलं मला उन्हाचा त्रास झाला.

दुसऱ्या दिवशी मी शिरपूरच्या गाडीत बसलो. वाटेत एकच हिशोब डोक्यात चालू होता, आणि तो घरांचा नव्हता. किती मुली तिथे जेवल्या असतील? रोज दोन वेळा, ताटावर बसून, माझ्या मोठ्या टपोऱ्या अक्षरात ‘मी कुणापेक्षा कमी’. देवळात कुणी चपला घालून गेलं तर देव काही कमी होत नाही. पण दहाव्या-बाराव्या वर्षी घर सोडून आलेल्या पोरीचं काय?

काय झालं होतं ते तिथल्या स्वयंपाकीण कमलमावशींनी सांगितलं. मालतीबाई गेल्यावर कोठीची मागची वाट बंद झाली आणि हे दार उघडलं. ते आत उघडायचं आणि दिवसभर उघडंच असायचं, कारण सारखी ये-जा. उघड्या दाराला आतून डाळ-तांदळाची पोती टेकवलेली. त्या पोत्यांमागे सहाही ‘नाही’ गडप. काही वर्षांनी दाराला खालून वाळवी लागली, तेव्हा सुताराने ते काढून टाकलं आणि लोखंडी दार आलं. पुढे ज्या कुणी आल्या, त्यांना कविता एवढीच आहे असं वाटलं. मॅडमनाही तसंच.

“तुम्हाला कधी वाटलं नाही, की काहीतरी कमी आहे?” मी मावशींना विचारलं.

“माले वाचता येस का?” मावशी म्हणाल्या. तो विषय तिथेच मिटला.

मॅडमचा चेहरा मात्र उतरला होता. त्यांनी कपाटातून एक जाड वही काढली. मालतीबाईंची पद्धत होती, नव्या मुलीने पहिल्या आठवड्यात भिंतीवरची कविता वाचून आपल्याला काय वाटलं ते चार ओळींत लिहायचं, आणि वसतिगृह सोडताना पुन्हा त्याच पानावर खाली लिहायचं. बाई गेल्यावरही ही पद्धत चालू राहिली होती. मी जेवणघरातल्या बाकावर बसून ती वही वाचली.

सुरुवातीची पानं बाईंच्या काळातली. ‘कवितेतली मुलगी धीट आहे.’ ‘मला तिच्यासारखं व्हायचं आहे.’ मग एक पान उलटलं, आणि तीच मुलगी रडायला लागली. ‘कवितेतली मुलगी फार दुःखी आहे.’ ‘तिला कुणी समजावून सांगितलं पाहिजे.’ एकीने लिहिलं होतं, ‘शेवटची ओळ अर्धी आहे. बहुतेक कवीला रडू आलं असेल.’ हे वाचून मला हसू आलं.

पण पुढे जे वाचलं त्याला मी तयार नव्हतो. ‘आमच्या पुस्तकातल्या कवितांत सगळे लढतात. ही थांबली. मलाही कधी थांबावंसं वाटतं, म्हणून मला बरं वाटलं.’ दुसरी लिहिते, ‘जेवताना घरची आठवण येऊन रडू आलं की मी भिंतीकडे बघते. ती पण रडली. मग माझं ताट संपतं.’ तिसरी लिहिते, ‘ती मोडली, करपली, घाबरली, तरी तिची कविता भिंतीवर लावली. म्हणजे तशी मुलगी पण चालते.’

मी वही मिटली. माझ्या चुकीच्या भिंतीने पोरींना धरून ठेवलं होतं. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणींना. छातीवरचा दगड निम्मा उतरला असं वाटलं. मग मी वही पुन्हा उघडली, आणि वनिताचं पान आलं.

‘भिंत म्हणते मी कमी. घरी पण तेच सांगतात. इथे मोठ्या अक्षरात आहे एवढाच फरक. — वनिता, इयत्ता आठवी.’

खाली, सोडताना लिहायची जागा कोरी होती.

मोठ्या अक्षरात. माझी सगळी मिजास ज्या गोष्टीवर उभी, तीच नेमकी तिला लागली होती. मी मॅडमना विचारलं, ही कुठे आहे? त्या म्हणाल्या, त्यांच्या आधीची मुलगी, बारावीत मध्येच सोडून गेली, लग्न ठरलं होतं असं नोंदीत आहे. म्हणून पान कोरं.

उतरलेला निम्मा दगड पुन्हा छातीवर आला. तुम्ही म्हणाल, एका पाटीने कुणाचं आयुष्य ठरतं का? मलाही तेच वाटत होतं, चाळीस वर्षं. पण ते पान वाचल्यावर मला ते म्हणता येईना. मी कमलमावशींकडे गेलो. त्या भाकरी थापत होत्या.

“वनिता ना?” त्या मान वर न करता म्हणाल्या. “ती आते नर्स शे, साक्रीकडे. मागला साल उनी व्हती, मना गुडघासले गोया दी गयी.”

“लग्न झालं का तिचं? शिक्षण कसं झालं मग?”

“ते माले काय माहीत? तुम्हीच जाईसन इचारा.”

मी गेलो. साक्रीहून पुढे दुसरी गाडी, बाजाराचा दिवस, गाडीत कोंबड्या आणि माणसं सारख्याच संख्येने. आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर बायांची रांग होती आणि आत टेबलाशी तिशीच्या आतबाहेरची एक बाई रक्तदाब मोजत होती. मी रांगेत बसलो. माझा नंबर आला तेव्हा तिने सवयीने माझा दंड धरला.

“नाना, बाही वर करा.”

“मला काही झालं नाही, ताई. मी पेंटर आहे, धुळ्याचा. शिरपूरच्या वसतिगृहातली कविता मी लिहिली होती. म्हणजे रंगवली होती.”

तिने दंड सोडला नाही. मग एकदम खाली बघून तिने यंत्राचा पट्टा माझ्या हाताला गुंडाळलाच. “आधी बीपी बघू,” म्हणाली. “तुम्ही फार घाबरलेले दिसता.” बीपी खरोखरच वाढलेलं होतं.

रांग संपल्यावर तिने चहा मागवला. मी मोबाईलमधला त्या पानाचा फोटो तिच्यापुढे धरला आणि सांगून टाकलं, की कवितेत ‘नाही’ होतं, सहा वेळा होतं, चूक माझी होती, मी बंद दारावर भरवसा ठेवला. मला माफी मागायची होती. तिने आपलं आठवीतलं अक्षर पाहिलं आणि हसायला लागली.

“नाना, माहीत आहे मला. ते ‘नाही’ मला सापडलं होतं.”

इथपर्यंत ती शुद्ध सरकारी मराठीत बोलत होती. पुढचं सांगताना घरच्या बोलीवर आली, आणि ते तिच्याच शब्दांत सांगतो.

“अकरावीले व्हतू मी. मावशीनी माले डाय आनाले धाडं. पोतं सरी गयथं, ते सरकाडं, तं मांगे लाल अक्षर. एक नही, सहा! मी तठेच बठी गऊ. बाहेर जाईसन भिंत देखी, परत कोठीमा जाईसन दार देखं. माले बठ्ठी कविता समजी गयी.”

“मग कुणाला सांगितलं नाहीस?”

“कसाले सांगू? तीन वरीस भिंतनी माले कमी म्हनेल व्हतं. ते ‘नाही’ माले सापडं, ते मनं व्हतं.” म्हणजे तिचं एकटीचं.

बारावीच्या मध्यात तिच्या वडिलांनी, गावात सगळे त्यांना आबा म्हणतात, तिचं लग्न जमवलं आणि बोलावून घेतलं. ती पेटी न्यायला वसतिगृहात आली त्याच दिवशी सुतार ते वाळवी लागलेलं दार काढत होता. खालचा भाग भुसा झाला होता. वरचा, ज्यावर दोन ‘नाही’ शाबूत होते, तेवढा तुकडा तिने सुताराकडून कापून घेतला आणि पेटीबरोबर एसटीत घालून घरी नेला. आबांनी विचारलं, “हाई काय आनं व?” ती म्हणाली, “फयी शे. भांडा ठेवाले.” आबांनाही फळी हवीच होती. त्यांनी स्वतःच्या हाताने ती पुढच्या खोलीत ठोकली, आडवी. त्यामुळे अक्षरं खालच्या अंगाला आडवी झोपली आणि घरात कुणाच्या लक्षात आलं नाही.

सुपारी फोडायला पाहुणे आले. नवऱ्या मुलाचे मामा मास्तर होते. मास्तरला लिहिलेलं दिसलं की राहवत नाही. ते बोलता बोलता मान वाकडी करून फळीकडे बघायला लागले.

“मान इतली वाकडी करी,” वनिताने करून दाखवलं, “आन वाचं, ‘नाही... नाही.’ मंग म्हने, ‘हाई कोनले शे?’ मी चहा लई उनथू. मना तोंडमाईन निंघी गयं, ‘ज्याले वाचता येस त्याले.’”

मामांनी मान सरळ केली. आबांचा चेहरा पाहूनही तिने कप एकही सांडला नाही, असं ती म्हणाली. पाहुणे चहा न घेता उठले. आबा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आईने रडून घर डोक्यावर घेतलं. नवव्या दिवशी आबांनी जेवताना ताटाकडे बघतच विचारलं, “फारम कवय भरना शे?” परीक्षेचा अर्ज भरायला ते स्वतः तिच्याबरोबर आले. पुढे नर्सिंग झालं, नोकरी लागली. लग्नही झालं, तिच्या पसंतीच्या माणसाशी, आणि आबा त्यात सगळ्यात पुढे नाचले.

मी रुमाल काढला. म्हाताऱ्या माणसाने परक्या ठिकाणी रडू नये, पण मी रडलो, आणि त्यात दुःखाचा एक थेंबही नव्हता. शिरपूरहून निघाल्यापासून जे काही छातीत धरून ठेवलं होतं, ते सगळं त्या उपकेंद्राच्या ओट्यावर सुटलं. माझ्या हाताने एका पोरीला कमी म्हटलं होतं, हे खरं. पण माझ्याच हातचा शब्द तिने पोत्यामागून शोधून काढला आणि वापरला, हेही खरं. चाळीस वर्षांत माझं एखादं अक्षर कुणी असं वापरलेलं मी ऐकलं नव्हतं.

“ती फळी आहे अजून?”

“शे ना. मना घरमाच शे.”

मला वाटलं, ती वसतिगृहात परत नेऊन लावावी, मुलींना दाखवावी. मी तसं म्हणालो. नवीन छान फळी करून देतो, हवं ते रंगवून देतो, ती जुनी मला दे.

“नही देवाव,” ती म्हणाली. तिला सराव होता.

मग मी तिला माझी खरी अडचण सांगितली. मॅडमना ‘नाही’ परत हवे होते. कविता पूर्ण झालीच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं, आणि बरोबरच होतं. पण वसतिगृहातल्या मुलींना बातमी कळली होती आणि दहा-बाराजणी मला फाटकापाशी अडवून म्हणाल्या होत्या, काका, आमची कविता बदलू नका. त्यांना मोडलेली, रडलेली मुलगी हवी होती. मी कुणाचं ऐकू?

वनिताने कप खाली ठेवला. “दार लोखंडी शे ना आते? दारवरच लिखा. पहिले व्हतं तसंच.”

“अगं, तीच तर चूक होती माझी!”

“चूक कोनी म्हनी? दार उघडं तं पोरीसनी कविता, बंद तं बाईसनी. फक्त पोती टेकाडू नका म्हनावं.”

शिरपूरला मॅडमनी बराच विचार केला आणि हो म्हणाल्या. मी जुन्या ओळी काळ्या रंगाने उजळल्या. लोखंडाला गंज धरू नये म्हणून आधी रेडऑक्साईडचा हात द्यावा लागतो, तो दिला, त्यावर राखाडी, आणि मग युसूफभाईंचं नाव घेऊन सहा लाल ‘नाही’. हात आता थोडा कापतो. तिसऱ्या ‘नाही’ची वेलांटी बारकाईने पाहिलीत तर कळेल. पण यावेळी मी प्रत्येक शब्द वाचत होतो, त्यामुळे वेळ दुप्पट लागला.

काम संपलं तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. मुली ताटं घेऊन बसल्या. मॅडमनी पाचवीतल्या एका चिमुरडीला उभं केलं, पहिल्याच आठवड्यातली होती, दोन वेण्या आणि लाल फिती. वाच म्हणाल्या, मोठ्याने. ती वाचायला लागली. वाऱ्याने वाकले, मोडले नाही. उन्हात राहिले, करपले नाही. आवाज हळूहळू चढत गेला. बाकीच्या हात थांबवून ऐकत होत्या. ती शेवटच्या ओळीवर आली, “मी कुणापेक्षा कमी...” आणि नेमकं तेव्हाच कमलमावशींनी कोठीतून डाळ आणायला दार ढकललं. सहाही ‘नाही’ आत वळून दिसेनासे झाले.

पोरगी थबकली. भिंतीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि कमरेवर हात ठेवून ओरडली,

“ओ मावशी, दार लाव ना! मी कमी व्हई गऊ!”

जेवणघर हसून हसून लोळलं. मॅडम हसल्या, मला तर ठसका लागला. कमलमावशींना काही कळलं नाही, पण पोरगी ओरडतेय म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हातांत डाळीसाठी आणलेलं पातेलं धरलेलं असतानाच पायाने दार ओढून घेतलं.

“नाही,” पोरगी म्हणाली, आणि खाली बसून जेवायला लागली.